सगळ्या बोटींचा एकच नंबर

माझ्या घरात आजवर बरेच भाडेकरू राहून गेले. एक शाळेतला शिक्षक होता, एक पोस्टातला, एक नर्सबाई. लक्षात राहावं असं त्यांच्यात काही नव्हतं, आणि मी कुणाला मुद्दाम लक्षात ठेवत बसत नाही. हा एकच राहिला, तोही कौतुकाने नाही. त्याने वैतागच इतका दिला की विसरायची सोय उरली नाही.

त्याचं नाव सांगत नाही. नोकरीतला माणूस आहे, अजून कुठेतरी कुणाला तरी वैताग देत असेल. गावाने त्याचं नाव कुलूपसाहेब ठेवलं होतं. मी तोंडावर साहेब म्हणायची, मागे तो.

पन्नाशीचा, घाटावरचा, किडकिडीत. चष्म्याला दोरी, खिशाला साखळी, साखळीला किल्ल्या. खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा आहे आणि जेटीकडे जायच्या वाटेवर माझं घर. जेटीजवळ सरकारी ऑफिस आहे. बोट समुद्रात जायची तर तिथून टोकन काढावं लागतं. पूर्वी कागदावर मिळायचं, आता कॉम्प्युटरवर मिळतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्या बंदीच्या दिवसांत त्याची या ऑफिसात बदली झाली. काम काय, तर तिथले कॉम्प्युटर आणि त्यातली लोकांची माहिती सुरक्षित आहे की नाही ते बघायचं, आणि तसं मुंबईला सहीनिशी कळवायचं.

मी विचारलं, "म्हणजे वॉचमन?"

तो म्हणाला, "वॉचमनच, मावशी. पण न दिसणाऱ्या चोराचा."

न दिसणाऱ्या चोरासाठी सरकार पगार देतं हे मला तेव्हा कळलं.

सकाळी मी त्याचा चहा घेऊन जायची. दाराला आतून कडी, कडीला आतून कुलूप.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"साहेब, चहा गार होतोय."

"आवाज ओळखीचा आहे. पण आवाजावर दार उघडायचं नसतं."

"मग कशावर उघडतात तुमच्यात?"

"नाव सांगा."

माझ्याच घरात, माझ्याच हातात माझीच कपबशी घेऊन मी माझं नाव सांगायची, तेव्हा कुलूप निघायचं. काही दिवस सांगितलं. मग एकदा कप उंबऱ्यावर ठेवला आणि निघून आले. चहा मांजराने प्यायला.

तो बाहेर आला आणि रिकाम्या बशीकडे बघत उभा राहिला. "मांजराने चहा प्यायला. ठीक आहे. याचं उत्तर कोण देणार?"

"मांजर देईल."

"मांजराकडे जबाबदारी नाही मावशी. चहा कोणाच्या ताब्यात होता ते बघायचं." तो खरोखर विचार करत बसला. ऑफिसला उशीर झाला तरी बसला. शेवटी म्हणाला, "चहा तुम्ही आणला होता. दार मी उघडलं नाही. म्हणजे उत्तर मीच द्यायचं." दुसऱ्या दिवसापासून तो चहाच्या वेळी दार उघडून उभा राहू लागला. नाव मात्र विचारायचाच.

हा त्याचा रोजचा मंत्र होता. उत्तर कोण देणार. वीज गेली की उत्तर कोण देणार, एसटी चुकली की उत्तर कोण देणार. माझ्या सुनेने, सुलभाने, एकदा आमटीत मीठ जास्त टाकलं तर त्याने तोंडात घास ठेवूनच तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी देते उत्तर, साहेब. मीठ माझ्या हातचं हाय." तो इतका खूश झाला की ती खारट आमटी दोनदा मागून खाल्ली.

माझ्या कोंबड्यांचं खुराडं त्याने तपासलं. गुडघ्यावर बसून, चष्मा पुसून, सगळ्या फटी बघितल्या. एका फटीला बोट लावून म्हणाला, "इथून मुंगूस येईल." मुलाने ती फट बुजवली. मुंगूस आलं ते दारातून, कारण दार लावायला मीच विसरले होते. मला वाटलं आता मंत्र ऐकावा लागणार. पण तो उरलेल्या कोंबड्यांकडे बघून म्हणाला, "मी फटी बघितल्या, दार लावायला कोण आहे ते विचारलं नाही. हे पुस्तकात पहिल्या पानावर दिलंय."

पुस्तक म्हणजे मुंबईहून आलेलं नियमांचं बाड. त्याला तो मानकं म्हणायचा. जेवताना ते डाव्या बाजूला उघडं असायचं. एक घास, एक ओळ. माशाची सवय नव्हती, म्हणून काटे काढून ताटाच्या कडेला ओळीने लावायचा आणि जेवण झालं की काट्यांच्या ओळीवरून नजर फिरवायचा, एखादा पोटात गेला की काय बघायला.

त्याची कुलुपं हा वेगळाच ताप होता. त्यातलं एक आकड्यांचं होतं आणि त्याचे आकडे तो सारखे बदलायचा. एकदा भर दुपारी बदललेले आकडे तो स्वतःच विसरला. ओट्यावर बसून राहिला, ऑफिसच्या कपड्यांत, मांडीवर डबा. माझा मुलगा हरेश पहार घेऊन आला.

"सरका साहेब, एका दणक्यात उघडतो."

"नको. तुटलं तर ते कुलूप कसलं?"

"आणि न्हाय उघडलं तर ते घर कसलं?" हरेश म्हणाला.

याला तो बराच वेळ हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पहार मात्र लावू दिली नाही. दिवेलागणीला त्याला आकडे आठवले.

आता ऑफिसबद्दल. तो यायच्या आधी त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला असायचा, भरती-ओहोटीच्या वेळांशेजारी. आमच्या गावदेवीचं नाव आणि पुढे एक दोन तीन. सगळ्या बंदराला ठाऊक. कारकून जेवायला गेला की बर्फवाला स्वतः आत जाऊन कॉम्प्युटर चालू करायचा आणि बोटवाल्यांचं काम करून द्यायचा. कुणाची काही तक्रार नव्हती. उलट बर्फवाल्याचा हात कारकुनापेक्षा भरभर चालायचा.

कुलूपसाहेबाने कॅलेंडर उतरवलं, सगळ्यांचे पासवर्ड वेगळे केले आणि बर्फवाल्याला बर्फावर पाठवलं. ऑफिसच्या मोठ्या साहेबांना स्वतःचा पासवर्ड टाकायला लावला, आणि ते टाकेपर्यंत हा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मोठे साहेब एका बोटाने टाईप करतात. बाहेर रांगेतल्या लोकांना वाटलं, याला शिक्षाच झालीय.

मोठे साहेब माणूस वाईट नव्हते. रिटायर व्हायला आले होते आणि त्यांना ते शांतपणे व्हायचं होतं. माझ्या ओट्यावर सुपारी कातरत ते एकदा त्याला म्हणाले, "हे बघा, मुंबईला होय पाहिजे असतं. होय लिहिलेलं कुणी वाचत नाही. नाही लिहिलं की त्यांना वाचावं लागतं, मग ते चिडतात."

हा म्हणाला, "मी खरं असेल तिथे होय लिहीन."

"तेच म्हणतोय. खरं करून टाका आणि होय लिहा."

आणि तो खरं करायच्या मागे लागला. बंदीचे दिवस त्यात गेले. दारं, खिडक्या, वायरी, पासवर्ड. जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्याचं पोट उघडून आतला भाग हातोडीने फोडला, ऑफिसच्या अंगणात, छत्री धरून. भंगारवाला म्हणाला, "साहेब, मेलेल्याला कशाला मारता?" हा म्हणाला, "त्यात तुझं आधार आहे." भंगारवाल्याने मग हातोडी स्वतःकडे घेतली.

मला त्याचं बोलणं पटायचं नाही. मी म्हणाले, "सरकारकडे माझी काय माहिती असणार? म्हातारी हाय, एवढीच."

"तुमचा अंगठा आहे."

"अंगठा माझ्याजवळ हाय."

"त्याची नक्कल तिकडे आहे. तुम्ही दिलीत, कारण न देऊन भागणार नव्हतं. घेतली ज्यांनी, सांभाळायची त्यांनी. आणि सांभाळली नाही तर…"

"उत्तर कोण देणार," मी म्हणाले. त्याचं वाक्य मी संपवलं की त्याला बरं वाटायचं.

शेवटी त्याने मुंबईला कागद पाठवला. सगळ्या प्रश्नांपुढे होय, खाली सही. त्यात एक प्रश्न असा होता की टोकन काढणाऱ्या प्रत्येकाची ओळख वेगवेगळी पटवली जाते का. त्याने बघितलं होतं, कॉम्प्युटरात प्रत्येक बोटीचं खातं वेगळं होतं. होय लिहिलं. त्या दिवशी त्याने बाजारातून स्वतः पापलेट आणलं. शिळं होतं, पण आणलं. बंदीच्या दिवसांत ताजं कुठून मिळणार, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

बंदी उठायला थोडे दिवस राहिले. नारळीपौर्णिमेची तयारी चालली होती, बोटींना रंग लागला होता. टोकनाचा कॉम्प्युटर नीट चालतो का बघायला ऑफिसने एका दुपारी बोटवाल्यांना बोलावलं. साहेब घरी जेवायला आला होता. आत पाट, समोर भात आणि सुकटीची आमटी, डावीकडे पुस्तक.

माझा मोबाईल खिडकीच्या गजाला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला असतो. घरात रेंज तेवढ्याच जागी येते. तो वाजला. मी पिशवीतून काढला, आकडे वाचले आणि गल्लीत तोंड करून ओरडले. पुढच्या घरातल्या काकूंनी ते पुढे ओरडून सांगितले. वळणावर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याने ते जेटीकडे ओरडले. जेटीवरून बोटवाल्या पांडूची हाक आली, "झालं गं मावशी."

मी परत बसले. साहेबाचा हात ताटातच थांबला होता.

"मावशी, हे काय होतं?"

"नंबर आला."

"कसला नंबर?"

"टोकन काढताना येतो तो. ओटीपी. पांडूच्या बोटीचा."

"तो तुमच्या फोनवर का आला?"

"मग कुणाच्या येणार? पांडूचा फोन पाण्यात पडतो."

"फक्त पांडूच्या बोटीचा येतो?"

"सगळ्यांचा येतो."

यात लपवण्यासारखं काही नव्हतं. कॉम्प्युटर आला तेव्हा प्रत्येक बोटीला एक मोबाईल नंबर द्या म्हणाले. आमच्या पुरुषांचे फोन भिजतात, हरवतात, नंबर दर मोसमात बदलतात, आणि समुद्रात रेंज नसते. गाव बसलं आणि ठरलं की जी बाई कायम घरी असते, जिचा नंबर कधी बदलत नाही आणि जिला आकडे येतात, तिचा द्यावा. शाळा माझी चौथीपर्यंत, पण बाजारात बसलेल्या बाईला आकडे येतातच. तेव्हापासून या बंदरातली बोट माझ्या आवाजाशिवाय सुटलेली नव्हती. गावात मान होता मला. मुलगी बघायला पाहुणे आले तरी लोक त्यांना हे सांगायचे.

मी हे त्याला सांगितलं. तो पुस्तकाकडे बघत राहिला.

"म्हणजे मी दारं खिडक्या लावत होतो," तो हळू म्हणाला, "आणि भोकात राहत होतो."

"भोक कुणाला म्हणता?"

"तुम्हाला, मावशी. राग मानू नका."

मी मानला.

भात तसाच ठेवून तो उठला. मला कळलं हा काय करणार. मी दारात आडवी उभी राहिले. "साहेब, कागद गेला. होय लिहून झालं. कुणी वाचत न्हाय असं मोठे साहेब सांगतात. तुमी गप बसा, आमी पण गप बसतो."

"आणि उद्या कोणी दुसऱ्याच्या बोटीचं टोकन काढून गेला तर?"

"इथं कोण कशाला जाईल?"

तेव्हा तो खाली बसला आणि मला नीट सांगितलं. वादळ आलं की ऑफिस कॉम्प्युटरला विचारतं, कोण कोण बाहेर आहे. कॉम्प्युटर टोकन बघून सांगतो, आणि त्यावर शोधायला माणसं जातात. "ज्या बोटीचं टोकन चुकून दुसऱ्याच्या नावावर निघालं, तिला कोणी शोधायला जाणार नाही. कारण ती कागदावर बंदरात उभी असेल. नंबर तुम्ही ओरडलात, तिसऱ्या माणसाने ऐकला, चौथ्याने टाकला. आणि ते सगळं ठीक आहे असं मी सही करून कळवलंय."

माझा एक दीर वादळात गेला. तेव्हा टोकन नव्हतं. कोणती बोट गेली हे कळायलाच गावाला वेळ लागला. मी ते साहेबाला सांगितलं नाही. दारातून बाजूला झाले.

त्याने मुंबईला कळवलं की माझं एक होय चुकीचं होतं, ते नाही समजावं. मुंबईने ते वाचलं. आणि मोठे साहेब सांगत होते तसे ते चिडले. आमच्या बंदराची सगळी टोकनं बंद झाली. प्रत्येक मालकाने स्वतःचा नंबर स्वतः येऊन दिल्याशिवाय एकही बोट सुटणार नाही.

मोसमाचा पहिला दिवस म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळणार नाही. पहिल्या फेऱ्यांत कोळंबी लागते. बंदीत सगळ्यांनी नुसतं बसून खाल्लेलं असतं, बोटींची दुरुस्ती केलेली असते. व्यापाऱ्यांचे टेम्पो पहिल्या दिवशी ज्या बंदरावर जातात तिथे मोसमभर जातात. ते पलीकडच्या बंदरावर गेले की आमच्याकडे उरतो बर्फवाला.

संध्याकाळी सगळा कोळीवाडा माझ्या ओट्यासमोर जमला. पांडू सगळ्यात पुढे.

"मावशी, त्याला घरातून काढ."

"का?"

"का म्हणून काय इचारतेस? आमच्या पोटावर आला तो."

हरेशही त्यांच्यातच उभा होता. बोट त्याचीही होती. म्हणाला, "आये, काढ त्याला."

मी म्हणाले, "माझ्या घरात कोण राहील ते मी ठरवते. तुमाला त्याच्याशी भांडायचं असेल तर तो आतच हाय. दारावर टकटक करा. नाव इचारील, नाव सांगा."

आतून आवाज आला, "कोण?"

गर्दीतलं कोणीतरी हसलं आणि भांडणातली हवा गेली. पण प्रश्न तसाच होता.

मग मुंबईच्या बाई आल्या. पदाने मोठ्या असाव्यात, कारण मोठे साहेब त्यांची पर्स धरून चालत होते. कुलूपसाहेब त्यांना थेट माझ्या घरी घेऊन आला आणि गजाला बांधलेली पिशवी दाखवली. देऊळ दाखवावं तशी दाखवली.

"हेच ते ठिकाण."

बाईंनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चहा दिला.

मोठे साहेब म्हणाले, "मॅडम, ही खालच्या पातळीवरची चूक आहे. कारकुनाने नंबर भरताना बघायला हवं होतं."

"नंबर भरले ते जुनं झालं," कुलूपसाहेब म्हणाला. "ठीक आहे असं लिहिलं ते मी. सही माझी आहे."

"चूक तुम्हाला कधी कळली?" बाईंनी विचारलं.

"जेवताना."

"मग?"

"भात राहिला."

बाईंनी चहा संपवला. "सगळ्या किनाऱ्यावरून होय आलंय. नाही फक्त तुमच्याकडून."

मोठे साहेब म्हणाले, "तेच मी म्हणतो मॅडम. बदनामी आपलीच."

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणून आता मी बाकीच्यांकडे जाणार आहे."

त्या खरंच गेल्या. खाडीपलीकडच्या ऑफिसात म्हणे सगळ्या बोटींचा नंबर चहाच्या टपरीवाल्याचा निघाला. तो तर ओरडतही नव्हता, भिंतीवर खडूने लिहून ठेवायचा. पण कुलूपसाहेबाला ज्ञापन आलं ते आलंच. पाऊस सरल्यावर त्याची बदलीही झाली. चूक सांगणारा सापडलेला असतो, न सांगणारा शोधावा लागतो. सरकारलाही सोपं काम आवडतं.

मालकांचे नंबर घ्यायला तो जेटीवरच ठाण मांडून बसला. मासळीच्या रिकाम्या क्रेटवर बूड, मांडीवर कॉम्प्युटर. पहिला हरेश गेला.

"मालकाचं नाव?"

हरेशने स्वतःचं सांगितलं.

"कॉम्प्युटरात हे नाव नाही. सुलभा आहे."

तेव्हा सगळ्यांना आठवलं. बोट घेताना बाईच्या नावावर घेतली तर सवलत होती. निम्म्या गावाने तशाच घेतल्या होत्या. बायकांनी सह्या करून दिल्या, पुरुषांनी बोटी समुद्रात घातल्या आणि विषय तिथेच संपला होता. आता साहेब म्हणाला, नंबर मालकाचाच लागेल. मालकाने स्वतः यायचं आणि आलेला ओटीपी स्वतःच टाकायचा. नवऱ्यालाही सांगायचा नाही.

"माझी बायको हाय ती," एकजण म्हणाला.

"घरात," साहेब म्हणाला. "इथे मालक आहे."

सुलभा घरी आली, पदर खोचला, मला म्हणाली, "आई, भाकऱ्या तुम्ही टाका. मला जेटीवर काम हाय." त्या दोन दिवसांत कोळीवाड्यातल्या बायकांनी जेवढे कपडे बदलले तेवढे लग्नालाही बदलत नाहीत.

सगळ्यांचं झालं. राहिला पांडू. पांडूची बोट रंजनाच्या नावावर, आणि रंजना बंदी लागल्यापासून माहेरी, दिवेआगरला. भांडून गेली होती. पांडूने तिला ना फोन केला, ना तो आणायला गेला. म्हणायचा, येईल आपल्या पायांनी.

मोसमाच्या पहिल्या सकाळी बोटी इंजिनं चालू करून उभ्या होत्या. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध साचलेला आहे. भरती असते तेवढ्यातच बोट बाहेर पडते, पाणी उतरलं की पुढच्या भरतीपर्यंत बसा. बायका ऑफिसच्या खिडकीशी रांगेने उभ्या होत्या, एकेक जण फोनवर पदर धरून नंबर टाकत होती. बोटी सुटत होत्या. पांडू उजाडतानाच मोटारसायकल घेऊन दिवेआगरला गेला होता. त्याची बोट तेवढी जेटीला बांधलेली, खलाशी तंबाखू मळत बसलेले. पांडूने बंदीत इंजिन नवीन बसवलं होतं. पहिला दिवस गेला असता तर त्याचे खलाशी दुसऱ्या बोटीवर गेले असते, हे त्यालाही माहीत होतं आणि त्यांनाही.

पाणी उतरायला लागलं तेव्हा मोटारसायकल आली. मागे रंजना, नवी साडी, हातात पिशवी. ती उतरली. खिडकीकडे निघाली आणि मधेच थांबली. पांडूकडे वळून म्हणाली, "ऐकायला कोण न्हाय म्हणून बोलले न्हाय मी वाटेत. आता सगळ्यांसमोर सांग. मला आणायला आलास, का नंबर न्यायला आलास?"

खलाशांचं तंबाखू मळणं थांबलं. इंजिनं तेवढी वाजत होती.

पांडू म्हणाला, "पाणी उतरतंय गं."

"उतरू दे."

त्याने खलाशांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नंबर न्यायला आलो," तो म्हणाला. "तिकडं तुला बघितल्यावर वाटलं, आधीच याला पायजे होतं."

रंजनाने पिशवी त्याच्या हातात दिली. बंदरावर ते पुरेसं होतं.

खिडकीत साहेब होता. "तुमचं नाव?"

"रंजना. यांना इचारा, आज आठवतंय त्यांना."

तिचा नंबर नोंदवला, ओटीपी आला. रंजनाला वाचायचा चष्मा सापडेना, ती पदरात, कमरेला शोधू लागली. पाणी उतरत उतरत वाळूच्या बांधाला लागलं होतं. मी शेजारीच उभी होते. इतके मोसम केलं तेच केलं. तिच्या हातातून फोन घेतला आणि आकडे वाचायला तोंड उघडलं.

"मावशी," साहेब म्हणाला, "बाजूला व्हा. बोट त्यांची आहे."

त्याने स्वतःचा चष्मा काढला, दोरीसकट खिडकीतून रंजनाला दिला आणि डोळे मिटून बसला. तिने आकडे टाकले. पांडूची बोट बांधाला घासून गेली, पण गेली.

बाजूला हो असं मला त्या खिडकीशी कुणी कधी म्हणालं नव्हतं. मी घरी आले.

बोटी परतल्या तेव्हा पहिली कोळंबी सुलभाने घरात आणली. अख्ख्या घरात वास. साहेब जेवायला बसला, पुस्तक उघडलं. मी त्याला वरणभात वाढला. त्याने एकदा चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक घास, एक ओळ करत वरणभात संपवला.

कोळंबी त्याला मी दुसऱ्या दिवशी वाढली.